एपिस्कोपल चर्चला जाणाऱ्यांसाठी अभ्यासाचं आणि उपासनेचं साहित्य: घरातल्या तीन पिढ्यांना पुरेल असं काय आहे?

नगरची_लेक:

नमस्कार मंडळी. ख्रिस्ती सभासदांना सलाम.

आम्ही ओहायोत कोलंबसजवळ राहतो. माहेर नगरचं, सासरही नगरचंच. दोन्ही घरं पूर्वीच्या अमेरिकन मराठी मिशनची, आता चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची (सीएनआय). इकडे आल्यावर जवळच्या एपिस्कोपल चर्चला, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधून (अँग्लिकन परंपरेतून) आलेल्या अमेरिकन चर्चला, जायला लागलो. नगरच्या पाळकसाहेबांनीच सुचवलं होतं. सीएनआय आणि एपिस्कोपल चर्च यांची पूर्ण सहभागिता आहे, प्रभुभोजनाला कुणी अडवणार नाही, म्हणाले. तसंच झालं. माणसं मायाळू आहेत आणि रविवारची उपासना मला मनापासून आवडते.

प्रश्न आहे तो उरलेल्या सहा दिवसांचा. या चर्चची शिकवण, इतिहास, उपासनेची रीत मला नीट समजून घ्यायचीय. मुलगी बारा वर्षांची, मुलगा आठचा. 'आपण हे असं का करतो?' असं त्यांनी विचारलं की माझी शिदोरी लगेच संपते. आणि सासूबाई आता कायमच्या आमच्याकडे आल्यात. त्यांना फक्त मराठी वाचता येतं. पहाटे उठून बायबल वाचतात, 'उपासना संगीत' या आपल्या मराठी गीतपुस्तकातली गाणी तोंडपाठ आहेत. पण चर्चमध्ये सगळे पुस्तक उघडून एका सुरात वाचायला लागले की त्या हात मांडीवर ठेवून गप्प बसतात.

चर्चमध्ये विचारलं की प्रत्येक जण एकेका नव्या अ‍ॅपचं नाव सांगतो. नावांची भली मोठी यादी झालीय. तिचा परिणाम एवढाच की घरात प्रत्येक जण आपापल्या खोलीत आपापल्या पडद्यासमोर. मला घरात एकत्र बसून करता येईल असं काही हवंय. कुठून सुरुवात करू? काय विकत घेऊ, काय फुकट मिळतं, कशाच्या नादी लागू नको? अनुभवाचं सांगा.

रुथ_नागपूर:

ताई, सध्या काहीच विकत घेऊ नका. चर्चच्या बाकावर जे प्रार्थनापुस्तक असतं, १९७९ चं बुक ऑफ कॉमन प्रेयर, त्याची एक प्रत ऑफिसातून मागून आणा. आनंदाने देतील. या पुस्तकावर स्वामित्वहक्क नाही, त्यामुळे अख्खं पुस्तक नेटवर फुकट आहे आणि पानं छापून घ्यायलाही हरकत नाही.

एपिस्कोपल शिकवण समजून घ्यायची तर पान ८४५ उघडा. तिथून ८६२ पर्यंत प्रश्नोत्तरं आहेत: देव कोण, पाप म्हणजे काय, मंडळी म्हणजे काय, संस्कार कोणते. अठरा पानांत सगळं. मुलीला घेऊन रोज दोन प्रश्न वाचा. तिला एखादं उत्तर पटलं नाही तर तिथे थांबा, पुढे रेटू नका.

आणि सीएनआयचा विषय निघालाच आहे तर नागपूरकर म्हणून सांगते, २९ नोव्हेंबर १९७० ला सीएनआयची स्थापना आमच्या नागपुरात झाली. सहा वेगवेगळ्या परंपरा तिथे एक झाल्या. त्यात तुमची नगरची होती आणि अँग्लिकनही होती. त्यामुळे हे पुस्तक तुम्हाला नवं असलं तरी परक्या घरचं नाही.

शब्बाथशाळा:

धागा वाचतोय. आमच्याकडेही हीच गत आहे, फक्त सासूबाईंच्या जागी वडील.

सोलापूरकर_अण्णा:

लेकी, तुझ्या सासूबाई गप्प का बसतात ते मला कळतं. आपल्या मिशनच्या मंडळ्यांत प्रार्थना मनातून उठते. आमचे वडील प्रार्थनेला उभे राहिले की गल्लीतल्या आजाऱ्याचं, परीक्षेला बसलेल्या पोराचं, पावसाचं, सगळ्यांचं नाव घेत. छापील प्रार्थना वाचून दाखवणं आमच्याकडे कच्चेपणाचं लक्षण समजत. मी आयुष्यभर शब्बाथशाळेत (चर्चच्या रविवारच्या शाळेत) शिकवलं, पण लेकराच्या हातात पुस्तक देऊन 'ही घे प्रार्थना' असं कधी म्हणालो नाही. पुस्तकाने शिस्त येईल, ओलावा येईल का?

बॉस्टनवाला_पुणेकर:

अण्णा, आदर राखून असहमत. मी पुण्याच्या पंचहौदच्या मंडळीतला, अँग्लिकन वळणाचा. वडील वारले तेव्हा माझ्या तोंडून स्वतःचा एक शब्द फुटत नव्हता. त्या रात्री पान १२७ वरची झोपण्यापूर्वीची उपासना वाचली. माझ्या आधी असंख्य लोकांनी दुःखात हेच शब्द उच्चारलेत, ते मला उचलून घेत होते. वारकरी रोज तोच हरिपाठ म्हणतो, त्याचा ओलावा आटतो का? पाठ झालेले शब्द, आपलं बळ संपतं तेव्हा कामाला येतात.

ताई, तुमच्यासाठी दोन गोष्टी. बॉस्टनशेजारी केंब्रिजमध्ये चार्ल्स नदीकाठी सोसायटी ऑफ सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट हा एपिस्कोपल साधूंचा मठ आहे. ते रोज सकाळी एका शब्दावर चार ओळींचं मनन ईमेलने पाठवतात, फुकट. चार ओळीच असल्यामुळे वाचून होतं. शिवाय त्यांची प्रवचनं संकेतस्थळावर आहेत आणि मठात एकांतवासालाही जाता येतं.

दुसरी गोष्ट म्हणजे याच संघाचे फादर एकोणिसाव्या शतकात पुण्यात होते. नीलकंठशास्त्री म्हणजे नेहेम्या गोऱ्हे या संघात काही काळ राहिले. गुरुवार पेठेतलं होली नेम चर्च हा त्याच काळाचा वारसा. त्यामुळे मी केंब्रिजच्या मठात गेलो तेव्हा पाहुणा म्हणून गेलोच नाही.

चिकित्सक:

मी हिंदू, या विषयात कोरा, पण धागा आवडला. पंचहौद म्हणजे चहाचं प्रकरण तेच ना? टिळक-रानडे तिथे चहा प्यायले आणि पुण्यात प्रायश्चित्ताचं वादळ उठलं? दुसरा प्रश्न: एपिस्कोपल म्हणजे इंग्लंडच्या राजाचं चर्च. मग अमेरिकेने राजाला हाकलल्यावर ते टिकलं कसं?

बॉस्टनवाला_पुणेकर:

हो, तेच. १८९० मधला चहा. आम्ही अजूनही पाहुण्यांना चहा देतो, पण आता वर्तमानपत्रात नाव छापून येत नाही :)

दुसरा प्रश्न चांगला आहे. इंग्लंडमध्ये बिशप व्हायचं तर राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे आणि स्वतंत्र अमेरिकेतल्या माणसाला ती घेता येईना. म्हणून कनेक्टिकटचे सॅम्युअल सीबरी स्कॉटलंडला गेले. तिथल्या एपिस्कोपल बिशपांना त्या शपथेची अट नव्हती. त्यांनी १७८४ मध्ये अ‍ॅबर्डीनला सीबरींना दीक्षा दिली. १७८९ मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकन चर्चची घडी बसली आणि स्वतःचं प्रार्थनापुस्तक मंजूर झालं. रूप बरंचसं कॅथलिक, विचार प्रॉटेस्टंट, आणि निर्णय घेताना बिशपांबरोबर सामान्य सभासदांनाही मत. ताईंनी मुलीला हा सीबरींचा प्रवास सांगावा, बारा वर्षांच्या मुलांना असल्या अडवणुकीच्या गोष्टी आवडतात.

वसईचा_केळीवाला:

मी कॅथलिक, त्यामुळे पाहुणा म्हणून बोलतो. सासूबाईंसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' मागवा. साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार त्याच ग्रंथाला आहे. भाषा आजची आहे आणि टिपा इतक्या चांगल्या की आमच्या आईने म्हातारपणी पहिल्यांदा 'आता कळलं' असं म्हटलं. मुंबईहून येणाऱ्या कुणाच्या तरी सामानात टाका, मात्र पुस्तक जाडजूड आहे, आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्यांचे पापड मागे राहतील.

नगरची_लेक:

सगळ्यांचे मनापासून आभार. रुथताई, ८४५ पान काढलं. मुलीने पहिल्याच दिवशी अर्धा तास वाद घातला, तो मला आवडला. अण्णा, तुमचं लिखाण सासूबाईंना वाचून दाखवलं. 'बरोबर बोलले गुरुजी' म्हणाल्या. पण आता पेच असा की मुलांना पुस्तक आवडतंय आणि त्यांना नाही.

बोर्डीची_ताई:

आठ वर्षांच्या मुलाबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. मी बालवाडी शिक्षिका होते, आता मुलीकडे ओरेगनला असते आणि तिच्या एपिस्कोपल चर्चमध्ये गॉडली प्लेच्या वर्गात मदत करते. जेरोम बेरीमन या एपिस्कोपल धर्मगुरूंनी ही पद्धत तयार केली. ते माँटेसरी शिक्षण घेतलेले होते. मी पहिल्यांदा तो वर्ग पाहिला आणि थेट आमच्या बोर्डी-कोसबाडची बालवाडी आठवली. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी पाड्यांवर याच माँटेसरी विचाराला आपलं देशी रूप दिलं होतं. हातात वस्तू द्या, मुलाला वेळ द्या, मधे बोलू नका.

वर्ग कसा चालतो ते सांगते. मुलं गोल करून जमिनीवर बसतात. मध्ये वाळूची मोठी पेटी. गोष्ट सांगणारी बाई वाळूवर हात फिरवते आणि सांगते की वाळवंटात वारा सुटला की वाटा पुसतात, पाणी नसतं, कारण असल्याशिवाय तिथे कुणी जात नाही. मग लाकडाचे अब्राहाम आणि सारा काढून वाळूतून हळूहळू पुढे सरकवते. मागे पावलांची रेघ उमटते. सांगताना ती मुलांकडे बघत नाही, वाळूकडेच बघते, त्यामुळे मुलांचीही नजर तिथेच खिळते. गोष्ट संपली की बोध नाही, परीक्षा नाही. 'मला कुतूहल आहे, यातला कोणता भाग तुम्हाला सगळ्यात आवडला असेल?' 'यातला कोणता भाग तुमच्याबद्दल आहे?' एवढंच. मग मुलं आपापलं काम निवडतात. कुणी चित्र काढतं, कुणी पुन्हा वाळूत खेळतं. शेवटी सगळे मिळून खाऊ खातात. एकदा एका मुलाने विचारलं, 'साराला मागे वळून बघावंसं वाटलं असेल का?' आम्ही मोठी माणसं त्या प्रश्नावर आठवडाभर बोलत होतो.

लाकडी साहित्य महाग असतं. तुम्ही ते घेऊ नका. मोठा ट्रे, वाळू, कापडाचे तुकडे, मुलानेच रंगवलेल्या काड्यांच्या बाहुल्या एवढ्यात होतं. गोष्ट सासूबाईंना सांगू द्या, मराठीत. त्यांना गोष्टी येतात, तुम्हाला फक्त वाळू आणायचीय.

शब्बाथशाळा:

बोर्डीताई, हा प्रतिसाद छापून चर्चच्या फळ्यावर लावतोय.

कॅरोलिना_मिलिंद:

बोर्डीताईंना दंडवत. आता बारा वर्षांच्या मुलीबद्दल माझा अनुभव. या वयात नुसतं पुस्तक देऊ नका, काम द्या. माझी लेक अकोलाइट झाली, म्हणजे मेणबत्त्या लावणं, क्रूस घेऊन मिरवणुकीत चालणं, वेदीपाशी मदत करणं. कधी काय करायचं हे चुकू नये म्हणून तिने उपासनेचा क्रम स्वतःहून पाठ केला. आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधी, वेदीवर जांभळं किंवा निळं कापड, पेंटेकॉस्टला (पवित्र आत्मा उतरला त्या सणाला) लाल आणि मग उन्हाळाभर हिरवं का, हे मला तिने शिकवलं.

चर्चमध्ये या वयासाठी जर्नी टू अडल्टहुड नावाचा कार्यक्रम आहे का विचारा. तो आमच्या नॉर्थ कॅरोलिनातच सुरू झाला. मुलांना वर्षानुवर्षं एकाच गटात ठेवतात आणि शेवटी ती सगळी मिळून यात्रेला जातात. तो नसेल तर दृढीकरणाचा, म्हणजे विश्वासाची जाहीर कबुली देण्याच्या तयारीचा, वर्ग असतोच.

आणि लेंट मॅडनेस! लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, दिवसांत बत्तीस संतांच्या नेटवर जोड्या लावतात, रोज दोघांचं चरित्र वाचायचं आणि एकाला मत द्यायचं. जिंकणाऱ्याला सोन्याचं प्रभामंडळ. आमच्या घरी त्यावरून निवडणुकीसारखा प्रचार चालतो. मुलीला एरवी कधी न वाचलेल्या कितीतरी माणसांची चरित्रं ठाऊक झाली.

सोलापूरकर_अण्णा:

संतांची निवडणूक? अवघड आहे बाबा. पण लेकरं चरित्रं वाचत असतील तर माझा अर्धा विरोध मागे.

रुथ_नागपूर:

ताई, लेंट मॅडनेस चालवणारी फॉरवर्ड मूव्हमेंट ही संस्था तुमच्याच राज्यात आहे, सिनसिनाटीत. 'फॉरवर्ड डे बाय डे' ही त्यांची रोजच्या मननाची छोटी पुस्तिका १९३५ पासून निघते. चर्चच्या दाराशी पत्रकांच्या रॅकमध्ये बहुतेक असतेच, रविवारी बघा. मोठ्या अक्षरातही निघते. त्यांचेच चर्चनेक्स्टचे नेटवरचे छोटे अभ्यासक्रम आहेत. स्वयंपाक करता करता ऐकायचं असेल तर त्यांचा सकाळच्या प्रार्थनेचा पॉडकास्टही आहे.

तुमच्या स्वतःच्या अभ्यासासाठी मात्र माझा आग्रह एज्युकेशन फॉर मिनिस्ट्रीचा. टेनेसीतल्या सुवानी इथल्या युनिव्हर्सिटी ऑफ द साउथचा हा कार्यक्रम १९७५ पासून चालू आहे. चार वर्षं: जुना करार, नवा करार, मंडळीचा इतिहास, मग धर्मविचार. नाव एका वेळी एकाच वर्षासाठी नोंदवायचं. सहा ते बारा जणांचा गट आणि एक मार्गदर्शक दर आठवड्याला बसतात. परीक्षा नाही, गुण नाहीत, पाळक होण्याची सक्ती नाही. मी ह्यूस्टनमध्ये पूर्ण केला. आमच्या गटात निवृत्त न्यायाधीश, नर्स, ट्रकचालक आणि मी. बायबलातला एकच उतारा त्या चौघांना चार तऱ्हेने भिडतो हे समोर बसून बघितलं की मग तो उतारा एकट्याने वाचणं पुरत नाही.

चिकित्सक:

शुल्क?

रुथ_नागपूर:

वर्षाला काहीशे डॉलर. पण अनेक धर्मप्रांतांचा करार असतो, तिथे कमी पडतं, आणि चर्चकडे शिक्षणासाठी निधीही असतो. लाजू नका, विचारा.

कॅरोलिना_मिलिंद:

रुथताईंशी थोडा मतभेद. दोन लहान मुलं, नोकरी आणि घरात वयस्कर माणूस असताना चार वर्षांचं बांधून घ्यायला लावू नका. माझ्या बायकोने सुरू केलं आणि दुसऱ्या वर्षी सोडावं लागलं. दर आठवड्याचं वाचन खरंच बरंच असतं. आधी चर्चमधला रविवारचा प्रौढांचा वर्ग करून बघा.

रुथ_नागपूर:

मिलिंद, मान्य, वाचन भरपूर आहे. पण वहिनींनी एक वर्ष केलं ते वाया गेलं का? विचारून सांगा.

कॅरोलिना_मिलिंद:

विचारलं. 'जुना करार मी त्या वर्षी पहिल्यांदा वाचला' असं उत्तर आलंय आणि शिवाय मी परस्पर तिच्या वतीने का बोललो, याची विचारणाही झालीय.

बॉस्टनवाला_पुणेकर:

एक सावधगिरी. नेटवर 'अँग्लिकन प्रार्थनापुस्तक' शोधलं की २०१९ चंही एक पुस्तक पुढे येतं. ते २००९ मध्ये वेगळ्या झालेल्या अँग्लिकन चर्च इन नॉर्थ अमेरिकाचं आहे. वाईट आहे असं नाही, पण पान क्रमांक जुळणार नाहीत, मजकूर आणि भूमिकाही काही ठिकाणी वेगळ्या आहेत. मुलीला चर्चमध्ये एक आणि घरी दुसरं असं होईल. १९७९ बघूनच उघडा. फोनवर हवंच असेल तर व्हेनाइट हे फुकट अ‍ॅप रोजची प्रार्थना जुळवून समोर ठेवतं, पानं उलटावी लागत नाहीत.

आणि ताई, ५ एप्रिल कॅलेंडरवर लिहून ठेवा. एपिस्कोपल चर्चच्या संतदिनांत त्या दिवशी पंडिता रमाबाई आहेत. १९२२ साली त्याच तारखेला त्या गेल्या. इंग्लंडचं चर्च त्यांना ३० एप्रिलला आठवतं. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये वाँटेजच्या अँग्लिकन भगिनींकडे झाला. पुढे संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणायचं काम त्यांनी एकहाती केलं.

नगरची_लेक:

रमाबाईंचं वाचलं आणि सासूबाईंना सांगितलं. त्यांची आजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली! एवढी वर्षं घरात राहून मला हे माहीत नव्हतं. मुलं त्यांच्याभोवती बसून ऐकत होती. दुष्काळात बैलगाडीतून मुलींना केडगावला कसं आणलं, भाकरी कशी वाटून दिली, सगळं आजीच्या तोंडून ऐकलेलं त्यांनी सांगितलं. मुलगी म्हणाली, 'मग आपल्या चर्चच्या पुस्तकात आपल्या आजीच्या आजीच्या बाई आहेत?'

वाळूही आणली. बोर्डीताई, पहिली गोष्ट नोहाची झाली आणि मुलाने वाळूत पाणी ओतलं.

बोर्डीची_ताई:

ओतणारच. नोहाची गोष्ट आहे. दुसरा ट्रे ठेवा :)

सोलापूरकर_अण्णा:

लेकी, तुझ्या पेचावर विचार करत होतो. पोरांनी इंग्रजीत वाचायचं आणि आजीने ऐकत बसायचं, हे बरं नाही. पण त्या पुस्तकात रोजच्या वाचनाचं कोष्टक आहे ना? त्यात नुसतेच संदर्भ असणार: पुस्तक, अध्याय, ओवी. आकड्यांना कसली आलीय भाषा! आजीने तोच अध्याय आपल्या मराठी पवित्र शास्त्रातून मोठ्याने वाचावा, मग मुलांनी इंग्रजीतून. आजी आधी.

रुथ_नागपूर:

अण्णा, हे मला सुचायला हवं होतं! ताई, कोष्टक पान ९३४ च्या पुढे आहे, दोन वर्षांचं चक्र. रविवारची वाचनं वेगळी असतात. तिथे तीन वर्षांचं चक्र आहे आणि मत्तय, मार्क, लूक असा एकेका वर्षी एकेका शुभवर्तमानावर भर असतो. घरात करायला सोपं म्हणून पान १३६ पासूनच्या कौटुंबिक प्रार्थना घ्या: सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र, प्रत्येकी जेमतेम एक पान. पाच मिनिटांत होतात.

अण्णांसाठी खास एक गोष्ट. त्या पानांवर वाचनानंतर स्वतःसाठी आणि इतरांसाठी प्रार्थना कराव्यात अशी सूचना आहे, आणि तिथे शब्द छापलेले नाहीत. ती जागा मोकळी सोडलीय. सासूबाईंनी तिथे आपल्या रीतीने, आपल्या भाषेत, गल्लीतल्या आजाऱ्यापासून पावसापर्यंत सगळ्यांची नावं घ्यावीत.

सोलापूरकर_अण्णा:

असं छापलंय होय? मग पुस्तक लिहिणारा शहाणा होता. माझं म्हणणं तरीही तेच, लेकरांना त्या मोकळ्या जागेत बोलायला शिकवा. पण आधी-नंतरच्या ओळी राहू द्या.

वसईचा_केळीवाला:

गाण्याचं काय? उपासना संगीत आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं असताना घरची उपासना सुकी का ठेवायची? आमच्याकडे वसईत रोझरीनंतर, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेनंतर, एक गाणं ठरलेलंच.

बॉस्टनवाला_पुणेकर:

रोझरीवरून आठवलं. अँग्लिकन प्रार्थनामाळही असते, १९८० च्या दशकात टेक्सासमध्ये तयार झालेली. तेहतीस मणी, येशूच्या आयुष्याच्या वर्षांइतके. तिच्यावर काय म्हणायचं हे ठरलेलं नाही, स्तोत्र २३ च्या ओळी घेतल्या तरी चालतात. ज्यांना पुस्तक धरून बसणं अवघड जातं अशा वयस्कर माणसांना हातात माळ बरी वाटते. मुलीकडून ओवून घ्या.

आणि आणखी एक. पेंटेकॉस्टच्या रविवारी बऱ्याच एपिस्कोपल चर्चमध्ये प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय अनेक भाषांत वाचतात. तुमच्या रेक्टरना, म्हणजे चर्चच्या मुख्य पाळकांना, आत्ताच सांगून ठेवा की आमच्याकडे मराठी वाचणारी आहे.

नगरची_लेक:

सांगितलं. रेक्टर, त्या बाई आहेत, फोनवर एकदम खूश झाल्या. सासूबाई आधी 'मला नाही जमायचं त्या माइकसमोर' म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून तो अध्याय रोज मोठ्याने वाचतायत. पार्थी, मेदी, एलामी ही नावं एकदाही अडखळत नाहीत.

आमचं आता असं ठरलंय: रात्री जेवणानंतर १३६ च्या पुढची पानं, आजीचं मराठी वाचन आधी, मोकळ्या जागेत ज्याला जे बोलायचं ते, आणि शेवटी उपासना संगीतातलं एक गाणं. शनिवारी वाळू. मुलगी अकोलाइटच्या प्रशिक्षणाला जायला लागलीय. अ‍ॅपची यादी बाजूला ठेवली, केंब्रिजच्या मठाचा ईमेल तेवढा ठेवला.

दोन प्रश्न उरलेत. मोठ्या अक्षरातलं मराठी पवित्र शास्त्र कुठे मिळेल? सासूबाईंचं जीर्ण झालंय. आणि माझ्या अभ्यासाचं मी अजून ठरवलेलं नाही. एकटीने वाचलं की झोप लागते.

शब्बाथशाळा:

बायबल सोसायटी ऑफ इंडियाच्या दुकानात विचारा, नगरहून कुणी येणार असेल तर त्यालाच आणायला सांगा. तोवर फोनवर यूव्हर्जन या अ‍ॅपमध्ये मराठी बायबल आहे, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं.

कॅरोलिना_मिलिंद:

अभ्यासाबद्दल: आमच्या सौभाग्यवतींचा निरोप आहे की मराठी माणसांचा एक छोटा गट नेटवर जमवायचा का? महिन्यातून दोनदा. पहिल्यांदा ८४५ ची प्रश्नोत्तरं, मराठीतून चर्चा. जमलं तर पुढच्या वर्षी एज्युकेशन फॉर मिनिस्ट्रीला सगळे मिळून नाव घालू. कॅथलिक आणि कोरी मंडळीही चालतील.

चिकित्सक:

कोरा हजर आहे.

रुथ_नागपूर:

मी येते. मार्गदर्शक म्हणून नाही, सोबत म्हणून. ह्यूस्टनची वेळ तुमच्यापेक्षा तासभर मागे आहे.

बोर्डीची_ताई:

आणि ओरेगनची तीन तास मागे. पहाटेचं ठरवू नका.

सोलापूरकर_अण्णा:

मी सोलापुरातच आहे. तुमची सकाळ ती माझी संध्याकाळ. शनिवारी तुमच्या सकाळी दहाला ठेवा, उन्हाळ्यात माझे साडेसात वाजतात. सुरुवातीची प्रार्थना मी करतो, पुस्तक न उघडता. शेवटची पुणेकरांनी उघडून करावी.

बॉस्टनवाला_पुणेकर:

मंजूर. ताई, शनिवार चालेल का? वाळूचा वार आहे ना?

नगरची_लेक:

वाळू दुपारी ठेवू. दहा वाजता चालेल. दुवा इथेच टाकते, ज्यांना यायचंय त्यांनी खाली नाव लिहा. सासूबाईही बसणार आहेत, त्यांना अण्णांना भेटायचंय.